खानदेशच्या तीन सीमा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान. स्मरणिकेच्या वाचकांसाठी काही मजकुराची भर घालून.)



 

'राष्ट्राच्या सीमा आणि माणूस' या विषयावर बोलावे अशी संस्थेच्या चालकांची आज्ञा झाली. विषय ऐकताच डोळ्यांपुढे काश्मीर, वाघा, हिमालय असे काही तरी उभे राहते. जळगाव-धुळ्याच्या माणसाला वाटते, आपण देशाच्या पोटात राहतो, आपला सीमेशी काय संबंध? माझे म्हणणे नेमके उलट आहे. सीमा म्हणजे काय हे शिकण्यासाठी खानदेशसारखी शाळा शोधून सापडणार नाही. आपल्या अवतीभोवती तीन सीमा आहेत. एक मेलेली, एक निवळलेली आणि एक दिवसेंदिवस कठीण होत गेलेली. या तिन्हींची आपण क्रमाने ओळख करून घेऊ.

त्याआधी खानदेश या नावाविषयी दोन शब्द. १३८२ च्या सुमारास मलिक राजा फारुकीने तापीकाठच्या थाळनेरला आपले राज्य उभे केले. त्याचा मुलगा नसीर खान याने बुऱ्हाणपूर वसविले आणि त्याला सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव दिले. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकी राज्य संपले. पुढे ब्रिटिश अमलात बुऱ्हाणपूर मध्यप्रांतातील निमाड जिल्ह्यात गेले. आज ते मध्य प्रदेशात आहे. म्हणजे ज्या गावात खानदेशची गादी होती ते गावच खानदेशाबाहेर! रावेरहून बुऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर, पण मधे राज्याची हद्द. हद्द बदलली म्हणून तिथल्या जामा मशिदीतील शिलालेख काही बदलले नाहीत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आदिलशाह फारुकीने बांधलेल्या या मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, आणि त्यात फारुकी घराण्याची वंशावळ दिली आहे. भाषा आणि धर्म यांच्यामध्ये पक्की भिंत घालू पाहणाऱ्यांनी तो शिलालेख एकदा तरी डोळ्यांनी पाहावा.

आता पहिली सीमा, मेलेली. जळगावहून अजिंठ्याला जाताना फर्दापूर लागते. एस.टी. सुसाट निघून जाते. आपण कुठली सीमा ओलांडली हे कोणाच्या गावीही नसते. परंतु १९४७ पर्यंत इथे ब्रिटिश मुलूख संपत होता आणि निजामाचे हैदराबाद संस्थान सुरू होत होते. अजिंठ्याची लेणी पाहायला येणारे प्रवासी जळगावला आगगाडीतून उतरत आणि पुढे निजामाच्या राज्यात जात. तिकडे करोडगिरी, म्हणजे संस्थानचे जकात खाते, वेगळे. मालावर साधारण शेकडा पाच दराने कर. टपालाची तिकिटे वेगळी. नाणे वेगळे, हाली सिक्का. ब्रिटिश शंभर रुपये मोडले तर एकशे सोळाच्या वर हाली रुपये हातात पडत. सरकारी कामकाजाची भाषा उर्दू. चाळीसगावचा माणूस घाट चढून कन्नडला मुलगी देत असे. बोली तीच, ज्वारीची भाकर तीच, पण कायदा दुसरा आणि राजाही दुसरा.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा त्या वेळच्या मुंबई राज्यात आला. त्या काळात दोन्ही समाजांतील निरपराध माणसांनी पुष्कळ सोसले. ते विसरून चालणार नाही. परंतु आज फर्दापूरला उभे राहून विचारा की सीमा कुठे होती. बोट दाखविणारा माणूस मिळणे कठीण. वर्षानुवर्षे करोडगिरीचे नाके, शिक्के, पावत्या आणि पहारे यांनी जपलेली रेषा एका पिढीत पुसली गेली. का पुसली गेली? डोंगर खचला नाही की नदीने पात्र बदलले नाही. घाटाच्या वरच्या आणि खालच्या माणसाला एकच राज्यघटना लागू झाली, म्हणून पुसली गेली.

दुसरी सीमा नवापूरची. नवापूर पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. या नवापूरची कीर्ती फार जुनी. सतराव्या शतकात ताव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्ऱ्याला गेला. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीचा वास येतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. बुऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, इतकेच काय, पोलंड आणि रशियापर्यंत जाते, हेही त्याने नोंदविले. सुरत हे हजला निघणाऱ्यांचे बंदर. म्हणजे तापीच्या खोऱ्यातून कापूस, कापड, नीळ आणि हाजी एकाच वाटेने समुद्राकडे जात होते. पुढे १९०० च्या सुमारास त्याच वाटेने तापी खोऱ्याची आगगाडी धावू लागली आणि नवापूरला स्टेशन झाले.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली. तत्कालीन पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदे आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील काही गावे गुजरातकडे गेली. हद्द नेमकी नवापूर स्टेशनातून गेली. तिकीटखिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरची कचेरी गुजरातेत! फलाटावरच्या एका बाकाची तर अशी गंमत आहे की दोघे मित्र शेजारी बसले तर एक महाराष्ट्रात असतो आणि दुसरा गुजरातेत. एका टोकाला गुजरातची दारूबंदी लागू, दुसऱ्या टोकाला नाही. गाडीची सूचना मराठीत होते, गुजरातीत होते, हिंदी आणि इंग्रजीतही होते. तरी त्या बाकावर बसायला कोणी परवाना मागत नाही. गावित आणि वसावे या आडनावांची नातीगोती दोन्हीकडे पसरलेली आहेत. ऊसतोडीला आणि बाजाराला माणसे रोज इकडून तिकडे जातात.

ही सीमा अगदीच निरुपद्रवी आहे असे मात्र समजू नका. फार दिवस जकातीच्या आणि विक्रीकराच्या नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा लागत. मुंबई-आग्रा रस्त्यावर पळासनेर आणि सेंधवा यांच्या दरम्यान ज्यांनी रात्र काढली आहे त्या ड्रायव्हर बंधूंना हे सांगायला नको. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकराचे नाके गेले. पण एक कागदी नाका शिल्लक राहिला. इतर मागास वर्गाचा दाखला हवा असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत होते, याचा पुरावा मागतात. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडचे विणकर माग घेऊन मालेगाव, धुळे, बुऱ्हाणपूर, भिवंडी या गावी येऊन स्थिरावले. शतकापूर्वी आलेल्या अशा घरातल्या मुलालादेखील पणजोबाच्या काळचा कागद शोधावा लागतो. घराणे शंभर वर्षे इथले, तरी कागद नसला तर दाखला अडतो. याचा धडा मी शेवटी सांगणार आहे.

तिसरी सीमा १९४७ ची. ती खानदेशापासून शेकडो कोस दूर आहे, पण आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोहोचली. जळगावची सिंधी कॉलनी आपण सर्वांनी पाहिली आहे. धुळ्यातही सिंधी वसाहत आहे. ही माणसे हौसेने आली नाहीत. सिंधमधली घरेदारे, दुकाने, शेतीवाडी, पूर्वजांच्या समाध्या सोडून आली. फेरीचा धंदा करीत, कापडाचे गठ्ठे खांद्यावर घेत त्यांनी पुन्हा संसार मांडला. त्याच दिवसांत आपल्याकडच्या काही घरांतून एखादा मामू, एखादा चाचा मुंबईहून बोटीने कराचीला गेला. कोणी नोकरीसाठी गेला, कोणी भीतीने, कोणी भावाच्या मागे. बाकी सगळे कुटुंब इथेच राहिले. आपल्या मातीत राहिले, आपल्या मर्जीने राहिले. हे वाक्य आजच्या मुलांनी नीट लक्षात ठेवावे. जे राहिले ते चुकून राहिलेले नाहीत.

आपल्या राज्यघटनेची पाचवी, सहावी आणि सातवी ही तीन कलमे म्हणजे जणू खानदेशातल्या तीन शेजाऱ्यांची हकीकत आहे. पाचवे कलम जे इथेच जन्मले आणि इथेच राहिले त्यांचे. ते नागरिक. त्यात धर्माचा उल्लेख नाही. सहावे कलम जे तिकडून इकडे आले त्यांचे. १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्यांना एक रीत, नंतर आलेल्यांना नोंदणीची दुसरी रीत. सातवे कलम जे १ मार्च १९४७ नंतर तिकडे गेले त्यांचे. ते नागरिक नाहीत, मात्र कायम वास्तव्याचा परवाना घेऊन परत आले असतील तर त्यांना मार्ग मोकळा. एकाच गल्लीतली तीन घरे, तीन कलमे! इतिहास शिकविणाऱ्या गुरुजनांना माझी विनंती आहे, की ही तीन कलमे वर्गात एकत्र वाचावीत.

ही तिसरी सीमा पहिल्या दोघींच्या उलट दिशेने चालत गेली. प्रथम परवाना आला. मग १९५२ च्या ऑक्टोबरपासून पासपोर्ट आणि व्हिसा. १९५० च्या निष्क्रांत मालमत्तेच्या कायद्याने गेलेल्या भावाचा वाटा सरकारजमा होऊ लागला आणि राहिलेल्या भावाला आपला वाटा सिद्ध करण्यासाठी कचेरीचे उंबरे झिजवावे लागले. १९६५ च्या युद्धात मुनाबाव-खोखरापारचा लोहमार्ग बंद झाला. तो २००६ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि २०१९ मध्ये पुन्हा थांबला. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगाम येथे निरपराध प्रवाशांची निर्घृण हत्या झाली. त्यानंतर अटारीचे नाके बंद झाले, तिकडून येणारा माल बंद झाला आणि मे महिन्यात टपालही थांबविण्यात आले. ज्या म्हातारीची बहीण तिकडे आहे तिच्या ईदच्या पत्रावरही बंदुकीच्या गोळीची सावली पडली. अतिरेकी ज्या दिवशी गोळी झाडतो त्या दिवशी तो असल्या हजारो घरांचे दरवाजेही बंद करीत असतो. म्हणून या हिंसेचा निषेध करताना आपला आवाज सर्वांत स्पष्ट असला पाहिजे, आणि तो तसा आहेही.

सीमेचा व्यापाराशी संबंध कसा असतो, हेही खानदेशने फार लवकर पाहिले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडविली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना. इकडे खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि जळगाव कापसाची मोठी पेठ झाली. युद्ध संपताच भाव कोसळला आणि अनेकांचे दिवाळे निघाले. सातासमुद्रापलीकडच्या बंदराचा दरवाजा बंद झाला आणि उघडला, एवढेच घडले. परंतु त्याने आपल्या शेतकऱ्याला हसविले आणि रडविलेही. पुढे १९४७ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा सिंध-पंजाबातील मोठा प्रदेश पाकिस्तानात गेला, तर बहुतेक गिरण्या भारतात राहिल्या. सप्टेंबर १९४९ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही, आणि दोन्ही देशांतला व्यापार जवळजवळ ठप्प झाला. तो १९५१ च्या करारापर्यंत मार्गी लागला नाही. कापूस एकीकडे, माग दुसरीकडे. अशा स्थितीत तोटा दोघांचाच.

आणि उघडलेला दरवाजा काय करतो? जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२१ मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची सुमारे वीस टन केळी दुबईला रवाना झाली. या केळीच्या घडामागे माती तपासणारा, फळाची प्रत राखणारा, पेट्या भरणारा, कागदपत्रे बिनचूक लिहिणारा असे किती तरी हात असतात. शिकलेल्या मुलाला त्यात जागा आहे.

केळीमागोमाग माणसेही आखातात जातात. आणि इथे आपल्या संस्थेच्या कामाशी सीमेचा थेट संबंध येतो. १९८३ च्या परदेशगमन कायद्याप्रमाणे, जो दहावी उत्तीर्ण नाही त्याच्या पासपोर्टवर सामान्यतः 'तपासणी आवश्यक' असा शेरा पडतो. आखातातील देश धरून अठरा देशांत कामाला जाण्यापूर्वी त्याला सरकारी मंजुरी घ्यावी लागते. त्याची फसवणूक होऊ नये हा हेतू चांगला आहे. पण दलाल नेमका अशाच माणसाला गाठतो. दहावीचे प्रमाणपत्र असले की हा शेरा पडत नाही. पाहा, विमानतळावर उभा असलेला अधिकारी तुमचा धर्म, तुमची जात, तुमच्या बापाची ऐपत विचारीत नाही. तुमच्या पासपोर्टवर तुमची शाळाच बोलते! मुलगा नववीतून काढून गॅरेजमध्ये बसविणाऱ्या पालकांना माझे सांगणे आहे, की आपण त्याच्या वाटेत एक नाका उभा करीत आहात.

आता थोडे ओळखीविषयी. राष्ट्राची सीमा माणसाची ओळख ठरविते का? काही अंशी ठरविते. पासपोर्टवर लिहिले जाते ती ओळख सीमेने दिलेली असते. २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती झाली, आणि शेजारच्या तीन देशांतून आलेल्या मुस्लिमेतर निर्वासितांना वेगळी सवलत मिळाली. जळगावच्या सिंधी बांधवांपैकी काही जण वर्षानुवर्षे नागरिकत्वाची वाट पाहत होते. त्यांना आसरा मिळावा याचे दुःख कोणा भल्या माणसाला होणार नाही. परंतु आसरा देताना कायद्याने धर्माचे नाव घ्यावे काय, हा प्रश्न अनेकांनी विचारला आणि तो सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. नागरिकाने आपला प्रश्न न्यायालयात, सभेत आणि मतपेटीत विचारावा. तो विचारणे हीदेखील या देशाशी असलेल्या नात्याची खूण आहे. परका माणूस भांडत नाही, तो निघून जातो.

पण ओळखीचा दुसरा भाग कोणत्याही कचेरीत मिळत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला यावल, रावेर, चोपडा या भागात तडवी बांधव राहतात. ते मुसलमान आहेत आणि आदिवासीही आहेत. त्यांना अर्धे इकडे, अर्धे तिकडे असे कापता येईल काय? आपल्यातील पिंजारी, मणियार, खाटीक, मोमीन यांच्या घरात उर्दू आहे, बाजारात अहिराणी आहे आणि शाळेत मराठी आहे. ही तीन वस्त्रे नव्हेत की एक घालताना दुसरे उतरवावे. अमळनेरचे साने गुरुजी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने लिहून घेत होते. त्याच गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' हा ग्रंथही लिहिला. 'आंतरभारती'चे स्वप्नही त्यांनीच पाहिले.

तिन्ही सीमा शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट उमगते. सीमेची धार रेषेत नसते. रेषेच्या दोन्ही बाजूंच्या माणसाला सारखा हक्क आणि सारखा विश्वास आहे की नाही, यावर ती अवलंबून असते. हक्क सारखे झाले तेव्हा फर्दापूरची सीमा मेली. हक्क सारखे आहेत म्हणून नवापूरची सीमा बाकावरची गंमत झाली. विश्वास उरला नाही तिथे पत्रसुद्धा अडले. आणि हाच नियम गावातही लागू पडतो. एका मोहल्ल्यातल्या मुलाला भाड्याने खोली मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, तिथे नकाशात नसलेली सीमा उभी असते. आपण आपल्या पोरांना पलीकडच्या गल्लीत खेळायला जाऊ देत नाही, तेव्हा ती सीमा आपणही राखीत असतो. ती दोन्हीकडून मोडावी लागेल.

म्हणून शेवटी तीन कामाच्या गोष्टी सांगतो. पहिली, कागद. जन्माची नोंद वेळेवर करा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखल्यालाच मुख्य महत्त्व आहे. शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर आणि जन्मदाखल्यावर नाव एकाच प्रकारे लिहिलेले आहे ना, हे पाहा. 'शेख' एकीकडे आधी आणि दुसरीकडे शेवटी, अशाने उद्या नातवाला त्रास होतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना सातबारा, जुनी घरपट्टीची पावती ट्रंकेत जपून ठेवा. शिक्षकांनी पटावर नाव घालताना घाई करू नये. त्या एका ओळीवर पुढे पन्नास वर्षे अवलंबून असतात.

दुसरी, भाषा. उर्दू आपल्या जिव्हाळ्याची आहे, ती जपा. पण मराठी अशी शिका की तलाठ्याच्या कचेरीत, न्यायालयात आणि वर्तमानपत्रात तुमचे म्हणणे तुम्हालाच मांडता आले पाहिजे. ज्याचा अर्ज दुसरा लिहितो त्याचे म्हणणे अर्धेच पोहोचते.

तिसरी, शेजार. सिंधी कॉलनीतल्या एखाद्या वृद्ध दुकानदाराला विचारा, तुमचे गाव कोणते होते? मग आपल्या घरातल्या वृद्धेला विचारा, तुमचे कराचीचे पत्र शेवटचे केव्हा आले? दोघांच्या उत्तरांत एकच रेषा सापडेल. ती आखणारे निघून गेले. तिचे दुःख मात्र दोघांच्याही वाट्याला आले. हे ज्याला कळले तो विद्यार्थी भूगोल शिकला असे मी समजेन.